दूरच्या अंतराळ स्थानकावरून युद्धकाळात काय ऐकू येतं आणि काय येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: कथेसाठी एक काल्पनिक स्थानक हवं आहे. पृथ्वीपासून दूर, आठ-दहा माणसांचं, युद्ध चालू असताना शत्रूच्या रेडिओ सिग्नलांवर पाळत ठेवणारं. ते कुठे असावं, यंत्रं कोणती लागतील, काय बिघडेल, आणि अनोळखी सिग्नल आला तर पहिल्या तासात काय करायचं?

आधी एक गैरसमज दूर करू. असं स्थानक शत्रूचं बोलणं ऐकतं, असं बहुतेक कथांमध्ये धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात मजकूर हाती लागणं हा अपवाद. कोण बोललं, कुठून, कधी, किती वेळ, आणि रोज बोलणारा आज गप्प का, ही त्या स्थानकाची खरी कमाई. हे का, ते एका हिशेबातून कळतं. तो इथेच करून टाकू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

समजा शत्रूचा तळ तुमच्यापासून १० लाख किलोमीटरवर आहे आणि तो ८.४ गिगाहर्ट्झवर १०० वॅटने आपल्या यानांशी बोलतो आहे. त्याच्या तबकडीचा (डिश अँटेनाचा) मुख्य झोत तुमच्याकडे नाही. पण कोणतीच तबकडी सगळी ऊर्जा एका दिशेला फेकू शकत नाही, थोडी बाजूला सांडतेच. झोताच्या अक्षापासून ५० अंशांपलीकडे ही सांडलेली ऊर्जा, सगळीकडे सारखी पसरली असती तर जेवढी मिळाली असती तिच्या दहाव्या भागाइतकी धरतात, म्हणजे उणे १० डेसिबल (डेसिबल हे पटीचं माप, दर १० डेसिबलला दहापट). १०० वॅट म्हणजे २० डेसिबल-वॅट (१ वॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल). त्यातून हे १० गेले. १० लाख किलोमीटरच्या वाटेत सुमारे २३१ डेसिबल जातात. तुमची १० मीटरची तबकडी सुमारे ५७ डेसिबल परत देते. उरले उणे १६४ डेसिबल-वॅट. रिसीव्हरचं एकूण गोंगाट-तापमान (एकूण गोंगाट किती, हे तापमानात सांगणारं माप) ३० केल्विन राखलंत, तर प्रत्येक हर्ट्झमागे गोंगाट उणे २१४ डेसिबल-वॅट होतो. म्हणजे एका हर्ट्झच्या गोंगाटापेक्षा सिग्नल ५० डेसिबलने वर.

ऐकायला हे भरघोस वाटतं. त्याने वाहक लहर (बिट जिच्यावर चढवतात ती मूळ लहर) शिल्लक ठेवली असेल तर ती एका सेकंदात पडद्यावर लख्ख रेघेसारखी दिसेल. पण तो सेकंदाला १ कोटी बिट पाठवत असेल, तर हीच ऊर्जा साधारण १ कोटी हर्ट्झवर पसरते. ते झाले ७० डेसिबल. सिग्नल गोंगाटाच्या २० डेसिबल खाली गेला. इतक्या ऊर्जेत, चुका दुरुस्त करणारं उत्तम कोडिंग असलं तरी, सेकंदाला काही दहा हजार बिटच सुटे करता येतात. सांकेतिक भाषा फोडण्याचा प्रश्न पुढचा, इथे मुळात बिटच हातात येत नाहीत.

मग तो बोलतोय हे तरी कसं कळतं? दोन अवस्थांचं साधं फेज मॉड्युलेशन (लहर उलटसुलट करून बिट पाठवणं) असेल तर आलेल्या नमुन्यांचा वर्ग करायचा. वर्ग केल्यावर बिटांमुळे होणारी उलटापालट नाहीशी होते आणि वाहक लहरीच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवर एक बारीक रेघ उभी राहते. वरच्या उदाहरणात ती एका सेकंदात दिसते. चार अवस्थांचं मॉड्युलेशन असेल तर चौथा घात घ्यावा लागतो. तोटा इतका वाढतो की त्याच कामाला पाऊण तास जाऊ शकतो, आणि तेवढा वेळ डॉप्लरमुळे, म्हणजे स्रोताच्या वेगाने फ्रिक्वेन्सी बदलल्यामुळे, सरकणारी रेघ सॉफ्टवेअरने धरून ठेवावी लागते. आता अंतर १० लाखांवरून १५ कोटी किलोमीटर करा, म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं. आणखी ४३ डेसिबल गेले. शुद्ध वाहक लहर असेल तर जेमतेम दिसेल, वर्गाची युक्ती मात्र मेली. तेव्हा ‘दूर’ म्हणजे किती दूर, हे कथा सुरू होण्याआधी ठरवा. काही लाख किलोमीटरपर्यंत १० मीटरची तबकडी पुरते. त्यापलीकडे तिचा व्यास वाढवावा लागतो.

जागेचं म्हणाल, तर चंद्राच्या पलीकडचा एल-२ बिंदू (पृथ्वी-चंद्राच्या ओढीचा तोल जमतो अशी जागा) मला सर्वांत पटतो. तो चंद्रापासून साधारण ६५,००० किलोमीटर पुढे आहे. चीनचा चुएछ्याव हा दुवा-उपग्रह २०१८ पासून याच बिंदूभोवतीच्या वळणदार कक्षेत होता आणि चंद्राच्या मागच्या बाजूला उतरलेल्या छांग-अ-४ यानाशी पृथ्वीचं बोलणं त्याच्यामार्फत होत असे. म्हणजे इथे टिकून राहणं ही कल्पना नाही, झालेली गोष्ट आहे. कक्षा लहान ठेवली तर पृथ्वी चंद्राआड जाते आणि तिथला रेडिओचा कालवा बंद होतो, मोठी ठेवली तर पृथ्वी सतत दिसते. बाहेरच्या अवकाशाकडे कान द्यायचा असेल तर लहान कक्षा, पण मग स्वतःचे अहवाल घरी पाठवायला वेगळा दुवा-उपग्रह हवा. तो शत्रूने पाडला की स्थानक ऐकू शकतं, सांगू शकत नाही. कथेला याहून चांगली अडचण शोधावी लागणार नाही.

सूर्य-पृथ्वीचा एल-२ बिंदू (१५ लाख किलोमीटर, प्रकाशाला ५ सेकंद) दुर्बिणींना उत्तम. पृथ्वीकडे कान लावायला मात्र वाईट, कारण तिथून पृथ्वी नेहमी सूर्याच्या आसपासच दिसते. सूर्य झोतात शिरला की ३० केल्विनचा रिसीव्हर हजारो केल्विनवर जातो आणि त्या दिशेला पूर्ण बहिरा होतो. मंगळाभोवतीच्या यानांना दर २६ महिन्यांनी, सूर्य मध्ये आला की साधारण दोन आठवडे आज्ञा पाठवणं थांबवतात, कारण सूर्याभोवतीच्या तप्त, विद्युतभारित वायूतून जाताना त्या बिघडू शकतात. अशा तारखा कोणालाही वर्षानुवर्षं आधी काढता येतात. तुमचं स्थानक कोणत्या दिवशी कोणत्या दिशेला बहिरं असेल, हे शत्रूलाही माहीत असतं. हल्ल्याची तारीख ठरवायची असेल तर तिथून ठरवा.

आता तबकडी. ८.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटर, आणि पृष्ठभागाची चूक तिच्या विसाव्या भागाच्या आत, म्हणजे १.८ मिलिमीटरच्या आत हवी. तेवढ्या चुकीनेही पावणेदोन डेसिबल जातातच. अर्धी तबकडी उन्हात आणि अर्धी सावलीत आली की ती वाकते, त्यामुळे वळवल्यावर काही वेळ मोजमापांवर विश्वास ठेवायचा नाही. उघडताना अडकणं हा घडीच्या तबकड्यांचा जुना आजार. गॅलिलिओ यानाची ४.८ मीटरची छत्री १९९१ मध्ये अर्धवटच उघडली, काही काड्या अडकल्या, आणि गुरूपर्यंतची सगळी मोहीम लहान अँटेनावर निभवावी लागली.

दुसरी गोष्ट लेखक हमखास विसरतात. १० मीटरच्या तबकडीचा झोत फक्त पाव अंशाचा असतो. सगळं आकाश झाकायला असे सव्वाआठ लाखांहून जास्त झोत लागतात. एकेका ठिकाणी एकच सेकंद थांबलात तरी एक फेरी व्हायला साडेनऊ दिवसांच्या वर जातात. म्हणून तबकडी ‘पाळत’ ठेवत नाही, ती तपासते. पाळत ठेवतात स्थानकाच्या चारी अंगांना लावलेले हातभर लांबीचे रुंद कोनाचे अँटेना. त्यांना दुबळं काही ऐकू येत नाही, पण रडार, जवळून जाणारं यान किंवा थेट तुमच्यावर वळलेला झोत लगेच कळतो. त्यांनी इशारा दिला की मग तबकडी तिकडे फिरवायची.

रिसीव्हरच्या तोंडाशी असलेला पहिला ॲम्प्लिफायर १५ ते २० केल्विनवर ठेवतात. त्यासाठी हीलियमचं बंद चक्र चालवणारा शीतक लागतो: कंप्रेसर, तेल शोषणारा फिल्टर, दोन लवचिक नळ्या आणि थंड टोक. स्थानकावरचं सगळ्यांत नाठाळ यंत्र हेच. हीलियममध्ये तेलाची वाफ किंवा हवा शिरली की ती थंड टोकाशी गोठते, ठक-ठक आवाज येऊ लागतो आणि तापमान १५ चं १८, १८ चं २५ असं चढत जातं. पडद्यावर काहीही बिघडलेलं दिसत नाही. गोंगाटाची पातळी फक्त डेसिबलच्या काही भागांनी वर सरकते आणि दुबळे सिग्नल एकेक करून नाहीसे होतात. पाळीवरच्या माणसाला वाटतं शत्रू गप्प झाला. म्हणून दर पाळीच्या सुरुवातीला तबकडी एखाद्या ठरलेल्या तेजस्वी रेडिओ स्रोताकडे (कॅसिओपिया ए हा नेहमीचा) आणि मग रिकाम्या आकाशाकडे वळवून दोन्हींचं गुणोत्तर नोंदवायचं. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर ‘शांतता’ या शब्दाला त्या स्थानकावर काही अर्थ उरत नाही.

सर्वांत मोठा शत्रू मात्र स्थानकातच बसलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर अनेक वर्षं अधूनमधून विचित्र स्पंदनं येत होती, अगदी दूरच्या अवकाशातून आल्यासारखी. २०१५ मध्ये उलगडा झाला: मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना कोणी दार उघडलं की मॅग्नेट्रॉन (ओव्हनमधला लहरी तयार करणारा भाग) बंद होता-होता एक झटका बाहेर पडत होता. तेव्हा तुमच्या स्थानकाच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह नको, तापणाऱ्या तारेची भट्टी ठेवा. वीज बदलणारे कन्व्हर्टर, एलईडी दिव्यांचे चालक, पंख्यांच्या मोटरी, संगणकांची घड्याळं, प्रत्येकाची आपली रेघ असते. ती बंद करणं शक्य नसतं. शक्य असतं ते हे की सगळे कन्व्हर्टर एकाच मुख्य घड्याळाला बांधायचे, म्हणजे त्यांच्या रेघा ठरलेल्या जागी राहतात आणि त्या जागा वगळता येतात. सैल बोल्ट आणि गंजलेले धातूचे सांधे आणखी वाईट. दोन जोरदार लहरी त्यातून गेल्या की बेरीज-वजाबाकीच्या नव्या लहरी तयार होतात आणि त्या बाहेरून आल्यासारख्याच दिसतात. बाहेर जाऊन पाना लावणं हा त्यावरचा एकच उपाय. आणि एक भिंतीएवढी नोंद हवी: कोणतं उपकरण कधी चालू केलं, कधी बंद केलं, सेकंदासह. व्यायामाच्या सायकलचीही.

खोट्या इशाऱ्यांचाही हिशेब असाच करून ठेवावा. तुम्ही ५० कोटी हर्ट्झचा पट्टा एकेका हर्ट्झच्या कप्प्यांत पाहता आहात. प्रत्येक कप्प्यात नुसत्या गोंगाटामुळे उंबरठा ओलांडला जाण्याची शक्यता दहा लाखांत एक ठेवली, तरी सेकंदाला ५०० खोटे इशारे येतील. उंबरठा सरासरी गोंगाटाच्या सुमारे २८ पट ठेवला तर दिवसाला साधारण ४३ येतात. ते माणसांच्या आवाक्यातले आहेत. त्याहून वर नेला तर काम हलकं होतं, पण ज्यासाठी स्थानक बांधलं ते दुबळे सिग्नल हातचे जातात. हा उंबरठा कोण ठरवतं, यावरून तुमच्या पात्रांमध्ये खरा वाद होऊ शकतो.

आता पहिला तास. इशारा आला की सर्वांत आधी साठवण गोठवायची. ५० कोटी हर्ट्झचा पट्टा कच्च्या नमुन्यांत सेकंदाला १ गिगाबाइट होतो, दिवसाला ८६ टेराबाइट. इतकं कोणी कायमचं ठेवत नाही. दोन दिवसांचा फिरता साठा असतो आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. गोठवायला विसरलात तर पुरावा परवा पुसला जाईल. मग तबकडी अर्धा अंश बाजूला न्यायची. सिग्नल तसाच राहिला तर तो झोतातून आलेलाच नाही, घरातला आहे. परत आणायची, पुन्हा बाजूला न्यायची, किमान तीनदा, कारण दुबळा सिग्नल योगायोगानेही त्याच वेळी बंद होऊ शकतो. २०१९ मध्ये पार्क्सनेच प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर एक अरुंद सिग्नल टिपला, तो या परीक्षेत पास झाला, आणि तरीही पुढच्या विश्लेषणात तो माणसांच्याच उपकरणांमधला गोंधळ निघाला. त्याच घराण्यातले तसेच सिग्नल इतर फ्रिक्वेन्सींवर सापडले, म्हणून. तेव्हा तिसरी पायरी हीच: त्याच्यासारखं आणखी कुठे काही दिसतंय का, ते स्वतःच्या नोंदींत शोधायचं.

चौथी पायरी डॉप्लर, आणि इथे मला सगळ्यात जास्त रस आहे. ८.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला १ मीटर वेग म्हणजे २८ हर्ट्झचा फरक. एका हर्ट्झची अचूकता असेल तर सेकंदाला ४ सेंटिमीटरचा वेग दिसतो. स्रोत एखाद्या फिरणाऱ्या पिंडावर असेल तर फ्रिक्वेन्सी त्या पिंडाच्या दिवसाएवढ्या काळात लाटेसारखी वर-खाली होते, आणि लाटेच्या उंचीवरून तो विषुववृत्तापासून किती दूर आहे तेही निघतं. यान मोकळं तरंगत असेल तर वक्र गुळगुळीत येतो. इंजिन पेटलं की त्या वक्राला कोपरा पडतो. किती सेकंद पेटलं आणि वेग किती बदलला, हे मजकुराचा एकही बिट न वाचता कळलं. १९५७ मध्ये स्पुटनिकची कक्षा अमेरिकेतल्या दोन तरुण संशोधकांनी, गियर आणि वायफनबाख यांनी, याच रीतीने नुसत्या त्याच्या बीप-बीपवरून काढली होती. पिंडाच्या कडेआड जाताना सिग्नल तुटण्याचा क्षणही सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदवा. तोही जागा सांगतो.

दिशेसाठी एकटी तबकडी अपुरी आहे. पाव अंश म्हणजे १० लाख किलोमीटरवर ४,४०० किलोमीटरचा डाग. चांगल्या सिग्नलवर त्याचा विसावा भाग गाठता येतो, तरी २०० किलोमीटर राहतातच. स्थानकापासून १० किलोमीटरवर दोन लहान स्वतंत्र रिसीव्हर तरंगत ठेवले आणि लहरींच्या फेजची तुलना केली तर हेच साडेतीन किलोमीटरवर येतं. अट एकच: सगळ्यांचं घड्याळ एक हवं. एक नॅनोसेकंदाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटर. स्थानकावर हायड्रोजन मेसर (अतिशय अचूक अणुघड्याळ) ठेवतात, त्याची चूक दिवसाला नॅनोसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास राहू शकते. त्याला तापमानातले चढउतार आणि चुंबकीय क्षेत्र सोसत नाही, त्यामुळे त्याचं कपाट माणसांच्या वावरापासून सर्वांत लांब.

नैसर्गिक स्रोतांना घाबरून चालत नाही, पण ओळखावं लागतं. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना १.३३७ सेकंदांनी नेमाने येणारी स्पंदनं मिळाली तेव्हा ती कृत्रिम तर नाहीत ना, ही शंका गंभीरपणे घेतली गेली होती. तो पहिला पल्सार (नेमाने स्पंदनं देणारा, फिरणारा मृत तारा) निघाला. ढोबळ खूण ही की निसर्गाला काही हर्ट्झइतकी अरुंद रेघ काढता येत नाही.

एवढं झाल्यावर सिग्नल नोंदवहीत जातो, आणि खरं काम तिथे सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या वाय सेवेने ऐकलेल्या जर्मन संदेशांचा मजकूर फुटण्याआधीच कोण कोणाशी किती बोलतं यावरून जाळ्याचे नकाशे काढले जात. मोर्स पाठवणाऱ्याची ‘मूठ’, म्हणजे त्याची लय, ओळखून तुकडी कुठे हलली ते सांगता येई. आज मूठ यंत्राची असते: ट्रान्समीटर चालू झाल्यावर त्याचा फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तापेपर्यंत फ्रिक्वेन्सी एका विशिष्ट वक्राने सरकते, आणि तो वक्र प्रत्येक यंत्राचा वेगळा. कसलेला नोंदकार पहिल्या दहा सेकंदांतच म्हणेल, ‘हा तोच, पण आज दुसऱ्या ठिकाणाहून.’

शत्रू लेझरने बोलत असेल तर? तर त्या दुव्यापुरते तुम्ही बहिरे आहात, हे मान्य करा. नासाच्या सायकी यानाने डिसेंबर २०२३ मध्ये ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून सेकंदाला २६७ मेगाबिटने चित्रफीत पाठवली. असा झोत पृथ्वीपाशी जेमतेम दोन-तीनशे किलोमीटर रुंद असतो. त्या वर्तुळाबाहेर हाती काही लागत नाही. उरतात ती रडारं, जवळच्या यानांमधलं रेडिओ बोलणं आणि लेझर जुळेपर्यंतची आणीबाणीची वाहक लहर. सगळं लेझरवर असलेला तळ एकदम रेडिओवर आला, तर तिथे काहीतरी मोडलं आहे.

स्वतः लपण्याबद्दल: रेडिओ बंद ठेवला तरी उष्णता लपत नाही. २० किलोवॅट उष्णता ३०० केल्विनच्या रेडिएटरने टाकायला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो आणि तो थंड आकाशात इन्फ्रारेडमध्ये चमकतो. तुमची जागा शत्रूला माहीत आहे असंच धरा. लपवायचं ते एवढंच की तुम्हाला काय कळलं. म्हणून अहवाल ठरलेल्या वेळीच जातात, नेहमी एकाच लांबीचे, आणि सांगण्यासारखं काही नसेल त्या वेळी भराव भरून. मोठी बातमी मिळाल्याबरोबर लांब संदेश पाठवणारं स्थानक ती बातमी शत्रूलाही देतं. संकेतनासाठी एकदाच वापरायच्या किल्ल्या ठेवा. २,००० बाइटचे रोज आठ अहवाल धरले तर वर्षाला ६ मेगाबाइटसुद्धा लागत नाहीत, नखाएवढ्या चिपमध्ये अनेक दशकांच्या किल्ल्या मावतात. सोव्हिएत किल्ल्यांची काही पानं १९४२ मध्ये दोनदा छापली गेली आणि त्यातूनच सोव्हिएत संदेश फोडणाऱ्या अमेरिकेच्या व्हेनोना प्रकल्पाला शिरायला फट मिळाली. कथेत किल्ली पुन्हा वापरली जाणार असेल तर त्यामागचं कारण बळकट ठेवा.

हे सगळं माणसांशिवाय होणार नाही का? प्रश्न रास्त आहे. सोव्हिएत अल्माझ मालिकेतलं साल्युत-३ हे १९७४ मध्ये माणसांसह हेरगिरीसाठी वापरलं गेलं, अमेरिकेने आपलं तसंच स्थानक १९६९ मध्येच रद्द केलं, आणि पुढे दोघांनीही हे काम मानवरहित उपग्रहांकडे दिलं. माणसं ठेवायचीच असतील तर ती शीतकाच्या नळ्या बदलायला, पाना लावायला, आणि घरचा दुवा तुटल्यावर निर्णय घ्यायला. पडद्यासमोर बसवून ठेवायला नाही. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घड्याळाच्या प्रयोगात, क्वचित होणारा बदल टिपण्याची क्षमता पहिल्या अर्ध्या तासातच घसरते असं दिसलं. म्हणून चार पाळ्या, पाळीत दोघं, आणि दर अर्ध्या तासाला अदलाबदल: एक पडद्यावर, दुसरा नोंदवहीवर.

शीतकाची मोठी दुरुस्ती करताना पुढचा भाग खोलीच्या तापमानाला आणावा लागतो, मग निर्वात करून पुन्हा थंड करायचा. एक-दोन दिवस तबकडी दुबळ्या सिग्नलांना निकामी. सोयीची वेळ म्हणजे सूर्य मध्ये येतो ते दिवस, तसंही त्या दिशेला काही ऐकू येत नाही. पण त्या तारखा शत्रूलाही ठाऊक असतात. तेव्हा दुसरा रिसीव्हर आधी थंड करून, कॅसिओपियावर तपासून, त्याचं गुणोत्तर पहिल्याशी जुळल्याची नोंद दोघांच्या सहीने झाल्याशिवाय पहिल्याचा एकही बोल्ट सैल करायचा नाही.